आइंडहोवन की लीड्स? डिप्रेशनची गोळी चालू असताना कुठे जावं

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मग झोपच येईना, तेव्हा उठून लिहायला बसले. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझ्या नवऱ्याला नेदरलंड्समधलं आइंडहोवन आणि इंग्लंडातलं लीड्स, दोन्हीकडून ऑफर. तू तीन वर्षं डिप्रेशनची गोळी घेतेस. तिकडे मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, सगळं फॅमिली डॉक्टरमार्फत, असं ऐकून घाबरलीयस आणि दोन्हींपैकी बरं कुठे असं विचारतेस. मी २०१५ ते २०१९ आइंडहोवनजवळच्या एका गावात होते आणि तेव्हापासून इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये आहे. दोन्हीकडे आजारी पडले. त्यामुळे अधिकार आहे म्हणायचा.

व्हिसाचे नियम लिहीत नाही, ते सरकारी संकेतस्थळांवर आहेत. तिथे नसतं ते लिहिते. आधी तुझा जन्मदाखला काढून बघ. त्यावर तुझं नाव आहे का? माझ्या कुडाळच्या दाखल्यावर 'स्त्री' आणि वडिलांचं नाव, एवढंच होतं. नाव चढवून घ्यायला दोन महिने, मग मुंबईत गृहखात्याचा शिक्का, मग अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचा शिक्का, मग अधिकृत भाषांतर. एवढं करून गेले तर तिथल्या नगरपालिकेने माझी नोंद माहेरच्या आडनावाने केली. डच लोकांत बाईचं कागदोपत्री नाव जन्मभर माहेरचंच राहतं. कल्पना चांगली आहे, पण माझ्या पासपोर्टवर सासरचं, विम्याच्या कार्डावर माहेरचं आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'सौ.' लावून नवऱ्याचं नाव. औषधाच्या दुकानातली मुलगी तिन्ही कागद काउंटरवर मांडून विचारते, यातल्या तुम्ही कोण? त्या दिवशी मी गोळ्या न घेताच घरी आले आणि पुढचे आठ दिवस घेतल्याच नाहीत. इतक्या क्षुल्लक कारणावरून घसरण सुरू झाली.

म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घे. त्यात औषधाचं मूळ नाव हवं, आपल्याकडच्या ब्रँडचं तिकडे कुणालाच कळत नाही. पासपोर्टवर आहे तसंच नाव, डोस आणि कधीपासून घेतेस तेही. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास देतात. तुझी तशी असेल तर आत्ताच डॉक्टरांशी बोल. क्लोनाझेपामची सवय लागते, तिकडचे डॉक्टर ते लांबवर चालू ठेवायला फार नाखूश असतात, शिवाय ते प्रवासात सोबत नेण्याचेही नियम आहेत. आपल्या मनाने बंद मात्र करू नकोस.

आता तुझा मुख्य प्रश्न. नेदरलंड्समध्ये 'हाउसआर्ट्स' म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. दहा मिनिटं देतो. पॅरासिटामोल घेऊन घरी जा म्हणतो, हा विनोद तू ऐकला असशीलच आणि तो खराही आहे. पण त्याच दवाखान्यात बहुतेक ठिकाणी एक दुसरी व्यक्ती बसते, तिला पीओएच-जीजीझेड म्हणतात. (डच उच्चारात ते घसा खाकरल्यासारखं वाटतं.) कुणी मुळात नर्स, कुणी मानसशास्त्र शिकलेली, कुणी समाजसेवेतली. काम एकच, डॉक्टरने पाठवलेल्या माणसाशी मनाच्या तक्रारींबद्दल नीट बोलायचं. मला पाऊण तास मिळायचा. पैसे पडत नाहीत. तिथे विम्यात वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, पण हाउसआर्ट्सकडचे उपचार त्यातून वगळलेले आहेत आणि ही बाई त्यातच मोडते. पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर मात्र ३८५ चं मीटर चालू होतं आणि रांगही लागते. नाव नोंदवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत चौदा आठवड्यांपेक्षा जास्त लागू नयेत असा त्यांचा दंडक आहे, आणि तो सारखा मोडतो.

माझं नशीब की मला ती बाईच पुरली. साठीची असेल, सायकलवरून यायची, ओला रेनकोट हीटरवर टाकायची. मी डॉक्टरकडे पाठदुखी घेऊन गेले होते. डॉक्टरने पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, कॉरिडॉरच्या टोकाला माझी एक सहकारी बसते, तिला भेटून जाता का? मला मागावं लागलं नाही, फोन करावा लागला नाही, 'डिप्रेशन' हा शब्दही उच्चारावा लागला नाही. पंचवीस पावलं चालले फक्त.

इंग्लंडात उलटं आहे. इथे डॉक्टरला विचारायचीही गरज नाही. बोलून उपचार करणारी, २००८ मध्ये सुरू झालेली सेवा आहे, २०२३ पासून तिला 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' म्हणतात (एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा). स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरायचा. मग फोनवर कुणीतरी अर्धा तास बोलतं आणि पायरी ठरवतं. बहुतेकांना खालची पायरी मिळते: वर्कबुक, कॉम्प्युटरवरचे धडे, आठवड्याला अर्ध्या तासाचा फोन. त्याने भागलं नाही तर वरची, म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्ट. शंभरातल्या पंच्याहत्तर जणांचे उपचार सहा आठवड्यांच्या आत आणि पंच्याण्णव जणांचे अठरा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. पहिला फोन वेळेवर येतो, दुसरा कधी येईल ते देवाला माहीत. दुभाषा मागितला तर फुकट देतात, हे मात्र मान्य करायला हवं. मी नेदरलंड्सला गेले त्याच्या आधीच, २०१२ मध्ये, तिथे दुभाष्याचा सरकारी खर्च बंद झाला होता.

पैशाचं म्हणशील तर इथली आरोग्य फी व्हिसाबरोबर आगाऊ भरावी लागते. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तुम्ही दोघं आणि मुलगी, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे ८,५३८ पौंड एकदम. कंपनी भरते का ते सही करण्याआधी विचारा.

कागदावर इंग्लंडची पद्धत जास्त चोख आहे. प्रत्येक फोनआधी नऊ प्रश्नांचा कागद भरायचा, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. तुझं दुःख आलेखावर दिसतं. २०२० च्या हिवाळ्यात मी तो कागद बारा वेळा भरला असेल. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. दर वेळी मी शून्य लिहिलं. ते खोटं होतं. म्हटलं, व्हिसावर परिणाम होईल, मुलीला घेऊन जातील, काहीबाही. अकराव्या वेळी एक लिहिला. फोनवरची पोरगी, माझ्या मुलीच्या आजच्या वयापेक्षा फार मोठी नसावी, गडबडली नाही. शांतपणे चार प्रश्न विचारले, संकटात कुणाला फोन करशील ते लिहून घेतलं, त्याच दिवशी डॉक्टरला कळवलं. व्हिसाबद्दल ना तेव्हा कुणी विचारलं, ना नंतर. तू खरं लिही. पहिल्याच वेळी लिही.

पण त्या कागदाच्या भरवशावर राहणारी पद्धत आपल्यासारख्या 'बरंय, चाललंय' म्हणणाऱ्या बायकांच्या बाबतीत फसते, असं माझं मत झालंय. माझी मामेबहीण गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होती. तिथे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने केलेला प्रयोग २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता: मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून बारा सरकारी केंद्रांत आणि बारा खाजगी दवाखान्यांत रुग्णांशी बोलायला बसवलं. सरकारी केंद्रांत रुग्ण लक्षणीय सुधारले, खाजगीत फरक पडला नाही. बहीण म्हणायची, खाजगीत डॉक्टर माणसाला ओळखतोच, आमच्याकडे तोवर कुणी ओळखत नव्हतं. हा तिचा अंदाज. ती आणखी म्हणायची, बायकांना आजाराचं नाव सांगायचं नाही, 'टेन्शन' म्हणायचं, मग त्या बोलतात. मला रेनकोटवाली बाई आठवते. तिनेही पहिले तीन आठवडे आजाराचं नाव घेतलं नाही, मुलीच्या शाळेबद्दल विचारत राहिली.

शाळेचं सांगायचं नव्हतं, पण आलंच. डच शाळेत अकरा-बाराव्या वर्षी मुलाचा 'सल्ला' निघतो, पुढे कुठल्या शाळेत जायचं त्याचा. सगळ्यात वर व्हेव्हेओ, तिथून विद्यापीठ. मध्ये हावो. खाली व्हीएमबीओ, तिथून व्यवसाय शिक्षण. माझी मुलगी गणितात वर्गात पहिली. डच शिकून तिला चारच वर्षं झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिक्षिकेने व्हीएमबीओ दिलं. एप्रिलमधल्या परीक्षेत तिला हावोएवढे गुण मिळाले. असं झालं तर शाळेने सल्ल्याचा फेरविचार करायचा असा तेव्हाही नियम होता, पण बदलायची सक्ती नव्हती. पालकांनी जाऊन बोलावं लागायचं. रेनकोटवाल्या बाईने हे मला सांगितलं आणि शाळेत जाऊन म्हणायची तीन वाक्यं डचमध्ये पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिली. आम्ही दोघींनी ती दोनदा म्हणूनही बघितली.

मी गेले नाही. गुरुवारी साडेतीनची वेळ होती. साडी नको म्हणून पँट घातली, केस विंचरले आणि बिछान्यावर बसले ती सहा वाजेपर्यंत. नवरा कामासाठी तैवानला. शाळेने कळवलं, सल्ला कायम. मुलगी म्हणाली, असू दे आई. मला त्या 'असू दे'चा आजही राग येतो, तिचा नाही, शब्दाचा.

लोकांना आम्ही सांगतो की नोकरीसाठी इंग्लंडात आलो. पगार कमी झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये, तिची ती शाळा सुरू व्हायच्या आत आलो, कारण इथे बाराव्या वर्षी मुलाचं भवितव्य असं लिहून देत नाहीत, निदान बहुतेक भागांत. ती आता विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. २०२४ पासून तिकडे नियम बदलला, परीक्षेत गुण जास्त आले तर शाळेला सल्ला सहसा वर न्यावाच लागतो. ते वाचलं त्या दिवशी मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

एकटेपणाबद्दल विचारलंयस. असतो. मंडळाच्या गणपतीला जा, पुढे सवय होते.

तर कुठे जायचं? तू स्वतः फोन उचलून 'मला मदत हवी' म्हणू शकत असशील तर इंग्लंड चालेल, दार उघडंच आहे. म्हणू शकत नसशील तर नेदरलंड्स, पण दवाखान्यात नाव घालताना रिसेप्शनवर विचार: तुमच्याकडे पीओएच कोण, आठवड्यात किती दिवस असते, इंग्रजी बोलते का. नाव पहिल्या आठवड्यातच घाल. दवाखाने भरलेले असतात, नवीन माणूस घेत नाहीत.

मुलगी कितवीत आहे ते लिहिलं नाहीस. तिसरी-चौथीत असेल तर कळव, मग आइंडहोवनबद्दल मला वेगळं पत्र लिहावं लागेल. चिठ्ठी अजून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे, ती तीन वाक्यं हवी असतील तर फोटो पाठवते.