पाठीच्या एमआरआयपूर्वीचे इंजेक्शन

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ असून तिला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी कमरेच्या गादीचे ऑपरेशन झाले होते. आता पुन्हा पायात कळ येत असल्याने डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून टोचायचे औषध) देऊन एमआरआय करण्यास सांगितले आहे. माझ्या मामांना १९७०च्या सुमारास पाठीत औषध टोचून एक्स-रे काढल्यानंतर पायांचे कायमचे दुखणे लागले, म्हणून आई नकार देत आहे.
— एक वाचिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : आईंची भीती निराधार नाही, परंतु ती वेगळ्या औषधाची आहे. त्या काळी आयोडीनयुक्त तेलकट द्रव कमरेतून सुई घालून थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडला जाई. तो काढून न घेतल्यास वर्षानुवर्षे तेथेच राही, आणि काही रुग्णांमध्ये आवरणाला सूज येऊन मज्जातंतूंची मुळे एकमेकांना चिकटत. पुढे पाण्यात विरघळणारी औषधे आली आणि तो द्रव मागे पडला. एमआरआयचे औषध गॅडोलिनियम या धातूचे असते. ते हाताच्या शिरेतून दिले जाते आणि मूत्रपिंडे निरोगी असल्यास त्याचा बहुतांश भाग एका दिवसात लघवीवाटे जातो.

ऑपरेशननंतर ते टाळू नये असे माझे मत आहे, कारण जखमेचा व्रण हे औषध शोषून उजळतो, तर गादीचा नव्याने सरकलेला तुकडा इंजेक्शननंतर लगेच काढलेल्या चित्रांत उजळत नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही हे बऱ्याचदा या फरकावर ठरते.

आपण काळजी करावी ती मूत्रपिंडांची. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमध्ये त्वचा व सांधे कडक करणाऱ्या एका गंभीर आजाराचा संबंध २००६ मध्ये या औषधांशी जोडला गेला. हा धोका मुख्यतः जुन्या, सरळ रेणूरचनेच्या औषधांचा होता. कडीसारख्या बंदिस्त रचनेच्या औषधांनी तो अत्यंत विरळ आहे. ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचे माप) ३० पेक्षा कमी असल्यास मात्र निर्णय तज्ज्ञांनीच विचारपूर्वक घ्यावा. मूत्रपिंडे चांगली असली तरी औषधाचा सूक्ष्म अंश मेंदूत व हाडांत राहतो. त्यापासून अपाय सिद्ध झालेला नाही, तरीही अशी तपासणी विनाकारण वारंवार करू नये.

हाताला गारवा, मळमळ किंवा डोकेदुखी झाल्यास ती थोड्या वेळात जाते. तीव्र अॅलर्जी क्वचितच होते, पण पूर्वी गॅडोलिनियमची प्रतिक्रिया आली असल्यास किंवा दमा असल्यास आधीच सांगावे आणि इंजेक्शननंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. अलीकडचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांसाठीच्या रक्ततपासणीचा) अहवाल सोबत न्यावा, आणि कोणत्या रचनेचे औषध देणार हे निःसंकोच विचारावे.