आईला उठल्यावर अंधारी येते, पण दवाखान्यात बीपी नॉर्मल निघतं. असं का?

कारण दवाखान्यात बीपी खुर्चीत बसवून बघतात. आमच्या अण्णांचं (वय ७९) सहा महिने हेच चाललं होतं. पहाटे बाथरूमला उठले की घेरी यायची, दोनदा पडले. तपासायला नेलं की १३०/८०. अशक्तपणा म्हणून टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घेतलं. वरचा आकडा १४२ वरून १०८!

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, की उभं राहिल्यावर बीपी उतरण्याच्या त्रासाचं (ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन) निदान झालं. उठताना अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त पायांत-पोटात उतरतं. रक्तवाहिन्यांनी लगेच आवळायचं असतं; म्हातारपणी, त्यातून डायबिटीस किंवा पार्किन्सन असेल तर, ते जमत नाही. नाडीही मोजायला सांगा. बीपी इतकं उतरूनही ती जेमतेम वाढली तर संशय मज्जातंतूंवर. चांगली वाढली तर बहुधा अंगात पाणी कमी, नाहीतर गोळ्या.

अण्णांचं गोळ्यांचंच निघालं. एका डॉक्टरांची प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, दुसऱ्यांची बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद! बाईंनी लघवीची गोळी थांबवली. (स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.) पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. आता उठण्याआधी ते दोन भांडी पाणी पितात, काठावर बसून पावलं हलवतात, मगच उभे राहतात. घट्ट मोजे मात्र दोन दिवसांत भिरकावले. पोटाचा पट्टा चालतो. भरपेट जेवणानंतरही बीपी उतरतं, तेव्हा लगेच उठू देऊ नका.

शेजारी मीठ-साखरेचं पाणी सुचवतील. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर जास्तीचं मीठ-पाणी डॉक्टरांना विचारूनच. एवढ्याने भागलं नाही तर फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन देतात. मिडोड्रिनने आडवं असताना बीपी चढतं, म्हणून शेवटची गोळी झोपण्याच्या चार तास आधी.

तुम्ही सकाळी उठल्या उठल्या, दुसऱ्या कुणीतरी आईंना धरलेलं असताना, चार-पाच दिवस आडवं-उभं बीपी लिहून ठेवा. तो कागद आणि गोळ्यांचा अख्खा डबा घेऊन जा. चिठ्ठ्या नकोत, डबाच. अण्णांची प्रोस्टेटची गोळी कुठल्याच चिठ्ठीत सापडत नव्हती.