समलिंगी, समलैंगिक आणि 'सवय'

प्रश्न असा आला आहे : परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी टिपण करते आहे. 'समलिंगी' लिहावं की 'समलैंगिक'? मसुद्यात 'रुग्णाची लैंगिक सवय' असंही आलं आहे. चालेल का?

पहिले दोन्ही चालतील. 'समलिंग'ला 'इक' लावला असता, तर 'समाज-सामाजिक'च्या चालीवर 'सामलिंगिक' झालं असतं. 'समलैंगिक'मध्ये तयार 'लैंगिक'ला पुढून 'सम' जोडला आहे. कडक वैयाकरण नाक मुरडतील, पण शब्द केव्हाच रुळला. मी माणसाला 'समलिंगी' म्हणतो आणि भाववाचक नाम 'समलैंगिकता' घेतो.

'सवय' मात्र काढाच. केसपेपरवर 'सवयी' म्हटलं की पुढे तंबाखू, मिश्री, दारू येतं. सवय लागते, सुटते, सोडवताही येते. "ही सवय कधीपासून?" असं विचारलं, की समोरच्याला पुढचं 'सोडवून देऊ' न बोलताच ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली, तरी 'बरं करून देणारे' आपल्याकडे राहिलेच. अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या धड्यात स्त्री-समलैंगिकता 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त पुन्हा उगवली, आणि ओरड झाल्यावर मागे घेतली गेली! 'लैंगिक कल' लिहा. कल असतो, लागत नाही.

आता न विचारलेलं. स्त्रीरोग विभागात "लग्न झालंय का?" हा प्रश्न खरं तर 'शरीरसंबंध आलेत का?' याचा सोवळा अवतार आहे. जिचे संबंध बाईशी आहेत ती खरं तेच सांगते, "नाही". आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी राहून जाते. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू बायकांमधल्या संबंधांतूनही पसरतो. उलट, इतर विभागांत हाच प्रश्न आला, की घरच्यांनी बोहल्यावर चढवलेला समलिंगी पुरुष "हो" म्हणतो आणि पुढचे प्रश्न तिथेच थांबतात. त्यापेक्षा सगळ्यांनाच, आवाज न बदलता विचारायला शिकवा : "कुणाशी शारीरिक संबंध आहेत का? पुरुषाशी, बाईशी, की दोघांशी?"

'मिस्टर', 'मिसेस'ऐवजी 'जोडीदार' बरा, पण क्रियापद घात करतं : जोडीदार आला की आली? आदरार्थी 'जोडीदार आलेत का?' म्हणा, किंवा सरळ "सोबत कोण आलंय?" नपुंसकलिंगी क्रियापद इथे फार कामाचं.

फॉर्मवरचा 'पती/वडिलांचे नाव' हा रकानाही 'जवळच्या व्यक्तीचे नाव' असा करून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान रुग्णाला साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि तो नात्यातलाच असावा अशी अट नाही. टिपणात हे कंसात ढकलू नका, स्वतंत्र ओळ द्या.