प्रार्थना ऐकली गेली नाही, म्हणजे सेवक कमी पडला का?

‘मी प्रभूच्या सेवेत आहे, रोज रुग्णांच्या खाटेपाशी उभी राहून प्रार्थना करते, मग माझ्या प्रार्थनेत सामर्थ्य का नाही?’ मिशनचे दवाखाने, वसतिगृहे आणि खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समूहांत, राबणारी माणसे हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्यापुढे ठेवतात. त्यांच्यापैकी एका परिचारिकेचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती अहमदनगरकडच्या (आताचे अहिल्यानगर) जुन्या ख्रिस्ती घराण्यातली. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मिशन रुग्णालयात काम करत होती. त्या भागातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि लहान मुलांत साधा वाटणारा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. अशाच एका मुलासाठी तिने रात्रपाळीत प्रार्थना केली, सहकाऱ्यांनी उपास धरला, औषधोपचारातही काही कसूर झाली नाही. तरी मूल पहाटे गेले. ती कोसळली मात्र त्या पहाटे नव्हे, तर महिनाअखेरीस, पाठीराख्या मंडळ्यांना प्रार्थनापत्र लिहायला बसली तेव्हा. त्या पत्रात ‘प्रार्थनेची उत्तरे’ असा एक भाग दर महिन्याला भरावा लागे, आणि त्या महिन्यात तिला तेथे लिहिण्यासारखे काहीच सापडेना. पुढे तिला प्रार्थनेसाठी डोळे मिटणेही नकोसे झाले.

विश्वासाविषयी बोलण्याआधी मी तिची झोप, भूक, कामातील लक्ष आणि मरणाचे विचार यांची चौकशी केली. सेवेतील माणसे उदासीनतेलाही ‘आत्मिक कोरडेपणा’ म्हणतात आणि ती महिनोन्‌महिने अंगावर काढतात, म्हणून हा क्रम मी सहसा मोडत नाही. तिची झोप पहाटे तीनला तुटत असे आणि अन्नावरची वासना गेली होती. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे तिला वाटत होते. तेव्हा आम्ही बायबलमधील एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. रतामाच्या झाडाखाली ‘माझा प्राण घे’ म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, आणि तो पुन्हा झोपला.

खरी गाठ पुढे होती. आपल्या मंडळ्यांत साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, रीत चांगली आहे, परंतु साक्ष बहुधा बरे झालेल्यांचीच होते, आणि ऐकता ऐकता सेवकाच्या मनात असा हिशेब पक्का होतो की, उत्तर आले तर प्रार्थना खरी होती आणि आले नाही तर करणाऱ्यात खोट होती. बायबलमध्ये हा हिशेब टिकत नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातील काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच त्याला सांगितले गेले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते उपासनेच्या ग्रंथात राहिले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५ सालचे जागरण, म्हणजे तेथे उसळलेली आत्मिक जागृती, आपण उत्साहाने सांगतो; त्याच मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली, हे मात्र साक्षीत फारसे येत नाही.

मी तिला दोन गोष्टी सुचवल्या. काही काळ तिने वॉर्डात प्रार्थना चालवू नये. आणि आठवड्यातून एकदा मंडळीतील एका वयस्क बायबलबाईंकडे, म्हणजे बायायांना बायबल शिकवणाऱ्या सेविकेकडे, जाऊन स्वतःसाठी प्रार्थना करून घ्यावी. दुसरी सूचना तिला अधिक जड गेली, कारण इतकी वर्षे ती फक्त देणारी होती. बायबलबाईंनी समजूत घातली नाही. त्यांनी तिला तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचायला लावले, मग ‘कोठवर’ हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत, त्या मुलाचे नाव घेऊन, देवाला विचारायला सांगितले. ती देवावर रागावली, रडली, आणि त्या रात्री सलग झोपली, असे तिने मला सांगितले. औषधाचा वाटा त्यात होताच. प्रार्थनेचा किती आणि गोळीचा किती, हे वेगळे काढण्याची मला गरज वाटत नाही.

प्रार्थनेचे सामर्थ्य अनुभवले असे ती म्हणते, ते यानंतरच्या एका घटनेबद्दल. मुलाच्या आईचा पाडा रुग्णालयापासून जवळच होता, पण परिचारिका त्या वाटेने जाणे टाळत होती. बायबलबाईंबरोबर ती शेवटी तेथे गेली. प्रार्थना का फळली नाही, असे त्या आईने विचारलेच नाही; धाकट्या मुलीचे रक्त तपासायचे का, एवढेच विचारले. तपासणीत तिलाही सिकलसेल निघाला आणि उपचार वेळेत सुरू झाले. पुढे कोणीतरी त्या घरी ‘विश्वास असेल तर गोळ्या थांबवा’ असे सांगून गेले, तेव्हा हीच परिचारिका पुन्हा पाड्यावर गेली, त्या मुलीसाठी प्रार्थना केली आणि आपल्यासमोरच तिला गोळी द्यायला लावली.

त्यानंतरच्या प्रार्थनापत्रात तिने मुलाच्या मृत्यूविषयी सरळ लिहिले. एका मंडळीला ते आवडले नाही. दुसरीकडून मुलाच्या आईचे नाव विचारणारे पत्र आले, तिच्यासाठी प्रार्थना करता यावी म्हणून. परिचारिकेची औषधे डॉक्टर आता हळूहळू कमी करत आहेत. कोरडे दिवस अजून येतात. त्या दिवशी ती बायबलबाईंकडे जाते.