चार दिवसांत अलिबाग ते मालवण होईल का?

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. जानेवारीत चार दिवस सुट्टी काढलीये, आपलीच गाडी घेऊन अलिबागपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं चाललंय. मिस्टर म्हणतात मॅपवर बघितलंय, रोज दीडशे किलोमीटर म्हणजे काहीच नाय. सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात पण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायचीच म्हणतात. जमेल ना?

उत्तर : ताई, यावेळी मालवण सोडा. गुहागरपर्यंत जा आणि चिपळूणवरून हायवेने परत या, तेवढंच चार दिवसांत नीट होतं.

मिस्टरांचा हिशोब एक्सप्रेसवेवाला आहे हो. सह्याद्रीतनं उतरणारी प्रत्येक नदी किनाऱ्याला एक खाडी पाडून ठेवते, मग रस्ता एकतर डोंगराला वळसा घालतो नाहीतर सरळ पाण्यात संपतो आणि पलीकडे जायला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. त्यामुळे कोकणात किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. तुमच्या वाटेवर अशा तीन आहेत, आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी (ही सावित्रीची, बाणकोटची खाडी), आणि दाभोळ ते धोपावे. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी तिथल्याच कुणालातरी विचारून ठेवा. दाभोळला आमची पाच मिनिटांनी चुकली होती, समोर धोपाव्याचे दिवे दिसतायत आणि आम्ही अंधारात चिपळूणवरून फिरून चाललोय, बायको गाडीत एक शब्द बोलली नाही.

सुरुवातच बोटीने करा ना, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे, पनवेल-वडखळचं ट्रॅफिक वाचतं. पहिला मुक्काम दिवेआगर, दुसरा हर्णै-मुरुड, तिसरा गुहागर. हर्णैला संध्याकाळी बंदरावर लिलाव चुकवू नका. बोटी जरा आत उभ्या असतात आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जातात, बैल छातीभर पाण्यात शांत उभे, बाजूला पापलेटच्या टोपल्यांवरून आरडाओरडा. घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका, मावश्या सोडत नाहीत.

आता प्रदक्षिणा. देवळामागून खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेकडेने वाट आहे, ती फक्त ओहोटीला, भरतीत तिथनं माणसं ओढली गेलीयेत. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उलटं, भर दुपारी भरती आणि वर उधाण. तेव्हा सुट्टीच्या तारखा कॅलेंडरमध्ये तिथीसकट बघा, आणि तरीही देवळात विचारूनच खाली उतरा. सासूबाईंचं म्हणाल तर पायऱ्या उभ्या आहेत, खडक ओबडधोबड आणि शेवाळलेला, मी माझ्या आईला नेलं नसतं. दर्शन वरच घ्या, बाकीची प्रदक्षिणा तुम्ही दोघं त्यांच्या नावाने करा, रागावतील थोड्या.

आणि हो, रूम बुक करताना जिल्हा बघा. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं रायगडातलं, एक दापोलीजवळचं रत्नागिरीतलं, महर्षी कर्व्यांचं. मधे फेरीच्या दोन खाड्या. माझ्या भाच्याने रूम घेतली दापोलीच्या मुरुडात आणि मॅप लावला जंजिऱ्याच्या. रात्री साडेदहाला फोन, मामा इथे हे हॉटेलच नाहीये.