रेघ उठलेली की आत गेलेली?

निपाणी : ५ रुपयांच्या नाण्यावर सिंहमुद्रेपासून कडेपर्यंत वाकडी रेघ आहे. ही टांकसाळीची चूक की साधा ओरखडा?

भिंगाखाली तिरप्या उजेडात धरून पाहा. रेघ वर उठलेली असेल तर नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाला तडा गेला होता. दाबाखाली त्या फटीत धातू शिरला आणि उंचवटा उमटला. आत गेलेली असेल तर तो नंतरचा ओरखडा. बारीक तड्याला मोठी किंमत येत नाही. तरी एकाच ठशाची तीन-चार नाणी जमवून तडा वाढत कसा गेला हे क्रमाने लावता आलं, तर तो संग्रह मला एकट्या महागड्या नाण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

चिकोडी : २ रुपयांच्या नाण्यावर सालाखाली टांकसाळीचं चिन्हच नाही. ऑनलाइन अशा नाण्याचे लाखभर रुपये सांगतात.

कोलकात्याची टांकसाळ चिन्ह टाकतच नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. विकून देतो म्हणत कुणी आधी नोंदणी फी मागितली तर एक पैसा देऊ नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच इशारा दिला आहे.

बेळगाव : चंद्रकोरीसारखी कड कापलेलं १ रुपयाचं नाणं विकायला आलंय. खरं कसं ओळखावं?

कापाच्या बरोबर समोरची कड आधी पाहा. पत्र्याच्या पट्टीतून नाण्याच्या कोऱ्या चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती तेवढ्या तुकड्याविना निघते. पुढे कड उभारणाऱ्या यंत्रात कापाच्या जागी पकड मिळत नाही, त्यामुळे समोरची कडही बहुधा चपटी, पुसट राहते. कापाजवळची अक्षरंही ओढल्यासारखी पसरतात. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत असते, अक्षरं तटकन तुटतात आणि कापावर कानशीच्या रेघा दिसतात. विक्रेत्याने भिंग लावू दिलं नाही, तर घेऊ नका.

खानापूर : आजीच्या ट्रंकेतल्या १८६२ च्या राणीछाप रुपयावर निळी-जांभळी झाक आलीय. सराफ पॉलिश करून देतो म्हणतात. द्यावा का?

कृपा करून देऊ नका! चिंच, लिंबू, राखही लावू नका. या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे. हवेतल्या, कागदातल्या, लोकरीतल्या गंधकाने तिच्यावर पातळ थर चढतो. थर वाढेल तशी झाक पिवळीवरून जांभळी, मग निळी होते. सावकाश चढलेल्या झाकेत रंग एकमेकांत विरत जातात. तापवून किंवा रसायन लावून आणलेले रंग पुष्कळदा भडक, ठिगळासारखे दिसतात.

शिवाय १८७४ पर्यंत हे सालच बदललं नव्हतं. मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके घालून पुढची वर्षं दाखवली जात. ते ठिपके मोजले की तुमचा रुपया खरा कधीचा ते कळेल. पॉलिशने आधी तेच झिजतील. मऊ पीव्हीसी पाकिटातला हिरवा चिकटा लागला असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, पण चोळू नका. तुमच्याकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळेवर बदला.