वाचक विचारतात : ‘मस्त भाऊ’च्या पुढं काय?

मागच्या अंकात आम्ही आपापल्या भागातले निसर्गाचे फोटो मागवले होते. फोटो आले ते आलेच, पण त्यांच्यासोबत प्रश्न जास्त आले, आणि गंमत म्हणजे बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याचे नाहीत, माणसांचे आहेत. कोणाला खरं कसं बोलावं ते समजत नाही तर कोणाला खरं ऐकून झोप लागत नाही. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून कोणाचंच छापलं नाही.

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सकाळी गावच्या मामा तलावावर मोबाईलने फोटो काढतो. गावाच्या ग्रुपवर टाकला की ‘एक नंबर सर’, ‘जबरदस्त सर’, अंगठे, जोडलेले हात. मागे एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलं, ‘सर, यात पाहायचं काय?’ मला इतका राग आला की बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही. खरं मत पाहिजे असेल तर मागायचं कोणाला आणि कसं? सोबत तोच फोटो पाठवून राहिलो.

सर, पहिले त्या पोराला फोन लावा. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये फोटो नीट पाहणारा तो एकटाच निघाला. बाकीचे सरांना नमस्कार करून राहिले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, ज्या गावात अर्ध्या लोकांना सरांनी बाराखडी शिकवली तिथं ‘सर, क्षितिज वाकडं आहे’ असं लिहिणार कोण बापा? गावाच्या ग्रुपवर फोटो जरूर टाका, लोकांना आपला तलाव पाहून बरं वाटते, पण मत तिथं मागू नका.

आता मागायचं कसं. ‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’च येणार. दवाखान्यात जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हटलं तर डॉक्टर तरी काय करेल, कुठं दुखते ते सांगावं लागते की नाही. म्हणून असं विचारा : पहिली नजर कुठं गेली, तिथून कुठं गेली, कुठं अडकली? याचं उत्तर द्यायला फोटोग्राफी यावी लागत नाही, तुमच्या वर्गातली सहावीची पोरगी पण देईल, आणि या प्रश्नात ‘छान’ म्हणायची सोयच नाही. तुम्हाला काय दाखवायचं होतं ते मात्र नंतर सांगा, आधी सांगितलं की समोरचा तेवढंच शोधतो आणि सापडलं म्हणून मोकळा होतो.

तुमच्या फोटोवर करूनच दाखवतो. आधी फक्त जे दिसते ते, चांगलं-वाईट मागून. फोटो आडवा आहे, क्षितिज बरोबर मधोमध. वर फिकट आभाळ, एकही ढग नाही, खाली पाणी आणि पाण्यात तेच फिकट आभाळ. उजवीकडं लांबवर डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, उभा असलेला एक ढिवरभाऊ, इतका लहान की मला आधी पाण्यातलं खुंट वाटलं. डाव्या कोपऱ्यात बेशरमाची झुडपं, दोन फुलं, आणि फांदीला अडकलेली एक पांढरी पन्नी. पलीकडच्या काठाला धुक्याची बारीक रेघ.

माझी नजर पहिले पन्नीवर गेली, कारण अख्ख्या फोटोत सगळ्यात उजळ तीच आहे आणि डोळा उजळ जागेकडं पळतो, ती जागा कडेला असली की डोळा फोटोच्या बाहेरच निघून जातो. मग मी डोंग्याकडं गेलो, पण मधात एवढं मोकळं पाणी की तिथं पोचेपर्यंत काहीच नाही. धुक्याची रेघ सगळ्यात शेवटी दिसली, आणि खरं सांगू का, या फोटोतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

इथून पुढं माझं मत, पटलं तर घ्या. हा फोटो मोबाईलच्या ०.५ वर काढलेला दिसतो. त्या वाइड लेन्सनं जवळचं मोठं होते आणि लांबचं आणखी लांब जाते, त्यामुळं डोंगा मुंगीएवढा झाला आणि नको ती पन्नी समोर आली. तीन गोष्टी आहेत, बेशरम, डोंगा, धुकं, त्यातली एक ठरवा. डोंगा पाहिजे तर २ किंवा ३ च्या झूमवर जा, तो धुक्याच्या रेघेपुढं येईपर्यंत थांबा आणि तो ज्या दिशेनं जात असेल तिकडं जागा सोडा. बेशरम पाहिजे तर खाली बसा, फुलाच्या एकदम जवळ जा, आणि पन्नी हातानं काढून टाका, फोटोसाठी नाही तरी तलावासाठी. क्षितिज मधोमध ठेवणं म्हणजे पाप नाही, प्रतिबिंब हाच विषय असेल तर शोभते, पण इथं वर-खाली दोन्हीकडं रिकामं आभाळच आहे, तर वरचं बरंचसं कापता आलं असतं.

आणि एक सुचवतो. भंडारा-गोंदियाकडचे हे तलाव कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले, मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली आणि ते माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव झाले. पाळीवर उभं राहिलं की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली धानाच्या बांध्या, रोवणीच्या दिवसात तर पाहूच नका. तुमच्या फोटोतला तलाव कुठलाही असू शकतो. पाळ आली की तो तुमच्याच गावचा होईल.

राहिला राग. तो येणारच, पण रागात उत्तर टाइप करू नका. ‘तू तिथं नव्हता, किती भारी होतं माहीत आहे का’ हे सगळ्यात पहिले सुचते. पण तो नव्हताच ना तिथं! थंडी, पाखरांचा आवाज, शेवाळाचा वास हे तुमच्याजवळ राहिलं, त्याच्याजवळ चौकटीत जेवढं आलं तेवढंच गेलं. तिथं नसलेल्या माणसाला फोटो कसा दिसते हे तुम्हाला तुमच्या डोळ्यानं कधीच पाहता येत नाही, आणि त्यासाठीच दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे असतात.

प्रश्न : मी नागपूरला शिकते, गाव दारव्ह्याकडं. आमचे मोठे बाबा रिटायर झाल्यापासून वावरातले फोटो काढून मोबाईलवरच एडिट करतात. पऱ्हाटी पोपटी, आभाळ जांभळं, निंबाच्या झाडाभोवती पांढरी झालर. दर रविवारी फोटो पाठवून विचारतात, ‘कसा हाये वं?’ मी ‘मस्त मोठे बाबा’ म्हणते आणि मग मलाच कसंतरी होते. खरं सांगितलं तर ते फोटो काढणंच सोडून देतील.

सोडत नाहीत, घाबरू नका. पण ‘भडक झालं’ हा शब्द वापरू नका, तो निकाल आहे आणि पोरीच्या तोंडून मोठ्या बाबांनी निकाल काहून ऐकावा.

त्यापेक्षा घरी गेल्यावर, चहाच्या वेळी, मोबाईल त्यांच्याच हातात ठेवून विचारा, ‘मोठे बाबा, संध्याकाळी पऱ्हाटी अशीच दिसते का?’ बस. पानाचा रंग पाहून कपाशीवर लाल्या रोग आला की नाही हे ज्या माणसाला धुऱ्यावरूनच समजते त्याला हिरव्या रंगाबद्दल तुम्ही-मी काय शिकवणार! त्यांचा डोळा पक्का आहे, घोळ स्क्रीनचा आहे. माझा अंदाज असा की ते वावरातच, भर उन्हात एडिट करत असतील. उन्हात स्क्रीन फिकी दिसते, मग माणूस रंग वाढवतो, आणखी वाढवतो, आणि घरात आल्यावर ते अंगावर येते. एडिटिंग घरी बसून, ब्राइटनेस मध्यम ठेवून करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाहूनच पाठवायचं, एवढी सवय लागली तरी अर्धं काम झालं.

झालर म्हणता ती बहुतेक एडिटिंगमधले एचडीआर आणि स्ट्रक्चर हे स्लायडर शेवटपर्यंत ओढल्यामुळं येते. सॉफ्टवेअर झाड काळं राहू नये म्हणून उजळवते आणि आभाळ पांढरं पडू नये म्हणून गडद करते, दोघांच्या शिवेवर ती पांढरी कड सुटते. स्नॅपसीड नावाच्या एडिटिंगच्या अॅपमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो. ते त्यांना दाखवा, दोन-चार वेळा दाबू द्या, सोडू द्या. तुमच्या बोलण्यानं जे होणार नाही ते त्यानं होते. कापसाची बोंडं मूळ फोटोत किती छान फुटलेली दिसतात, एडिटमध्ये त्यांचा नुसता पांढरा डाग झालाय, हे त्यांनाच दिसेल बहुतेक, नाहीच दिसलं तर तेवढी एक जागा बोटानं दाखवा.

आणि हो, आधी तुमचा एखादा फोटो त्यांच्यापुढं ठेवून त्यांना चूक काढायला लावा. मोठे लोक यात पटकन रमतात.

प्रश्न : लोणार सरोवराचा २०२० चा फोटो टाकला, पाणी गुलाबी आहे. लोक ‘फेक’, ‘फोटोशॉप’ म्हणून तुटून पडले. मी थोडंसं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाढवलं होतं पण पाणी खरंच गुलाबी होतं. ही टीका म्हणायची का?

पाणी गुलाबी झालं होतं, याबद्दल वादच नाही. जून २०२० मधली गोष्ट, नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आल्याचं निघालं, पाणी आटून क्षार वाढले होते. म्हणजे ‘फेक’ म्हणणाऱ्यांनी फोटो पाहिलाच नाही, फक्त अविश्वास टाइप केला. ती टीका नाही, सोडून द्या.

पण तुमचा फोटो मी मोठ्या स्क्रीनवर पाहिला आणि त्यात काठावरचे दगडही गुलाबी आहेत, झाडांच्या सावल्या गुलाबी आहेत, ढगांच्या पोटात पण गुलाबी. लोणारचा खडक बेसाल्ट आहे, काळा. तो गुलाबी दिसला की पाहणाऱ्याचा खऱ्या पाण्यावरचाही भरवसा उडतो. तुम्ही ‘थोडंसं’ म्हणता पण स्लायडर सगळ्या फोटोला सारखाच लागलाय. खडक काळा ठेवा, गुलाबी आपोआप उठून दिसेल.

बदल करणं म्हणजे फसवणूक असंही नाही. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला, त्याच निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढं कित्येक वर्षं काढत राहिला आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ जवळजवळ काळंच करून टाकलं. ती कृष्णधवल प्रिंट आहे, तिथं आभाळाचा खरा रंग कोणी मागत नाही. तुमचा फोटो मात्र ‘त्या वर्षी पाणी असं झालं होतं’ असा पुरावा म्हणून लोकांपुढं गेला. पुरावा म्हणून टाकायचा असेल तर रंगाला हात कमी लावा, कलाकृती म्हणून टाकायचा असेल तर तसं खाली लिहा.

प्रश्न : स्पर्धेत माझा चिखलदऱ्याचा फोटो नापास झाला, कारण कोणी सांगत नाही.

सांगणारही नाहीत. शेकडो फोटो एकामागून एक जातात, परीक्षकासमोर एकेक फोटो काही सेकंद असतो. निकाल वेगळा आणि समीक्षा वेगळी, निकालावरून फोटोबद्दल काही शिकायला जाऊ नका. बाकी दरीतल्या धुक्याचा तसाच फोटो त्याच पॉइंटवरून आणखी किती जणांनी पाठवला असेल हा विचार करून पाहा.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडं आभाळ पांढरंच येते. त्यावर टोमणे ऐकायचे का?

अर्धे ऐका. ऊन आणि धूळ तुमच्या हातात नाही, फोटोत आभाळ किती घ्यायचं ते आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातले आम्ही फोटोवाले रविवारी चहाच्या टपरीवर जमतो. एक सिनियर भाऊ आहेत, माहितगार आहेत, पण फोटो पाहिला की ‘कचरा’, ‘पोस्टकार्ड’, ‘डिलीट मार’. नवीन पोरं येईनाशी झाली. भाऊ म्हणतात मी फक्त खरं बोलतो.

भाऊ खरं बोलत असतील पण अर्धवट बोलतात. ‘कचरा’ म्हटल्यावर त्या पोरानं पुढच्या रविवारपर्यंत करायचं काय? ‘समोरचा दगड पाय मोडल्यासारखा अर्धा कापला, दोन पावलं मागं सरकला असता तर पूर्ण आला असता’ हे पण कडकच आहे, पण हे ऐकून पोरगं परत त्याच जागी जाऊन काहीतरी करू शकते. माझ्या मते टीका उपयोगाची आहे की नाही याला एवढी एकच कसोटी पुरे.

लिझ लर्मन नावाची अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका आहे, तिनं १९९० च्या सुमारास यावर एक पद्धत बसवली, नाचासाठी, पण आता कुठंकुठं वापरतात. चार पायऱ्या : पहिले पाहणारे सांगतात की त्यांना काय भिडलं, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग पाहणारे प्रश्न विचारतात पण त्यात मत घुसडायचं नाही, आणि शेवटी मत, तेही ‘आभाळाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून. कलाकार नको म्हणू शकतो. टपरीवर सगळ्या पायऱ्या पाळत बसलात तर चहा थंड होईल आणि भाऊ उठून जातील, पण तिसरी पायरी तेवढी उचला. ‘आभाळ एवढं गडद काहून केलं?’ हा प्रश्न वाटतो पण टोमणा आहे. ‘आभाळाचं काय करायचं ठरवलं होतं?’ हा खरा प्रश्न. कधीकधी पोरगं असं उत्तर देते की भाऊंनाच मत बदलावं लागते.

भाऊंना बाजूला काढू नका, त्यांच्याएवढं बारीक पाहणारा दुसरा मिळणार नाही. त्यांना फक्त सांगा की बोलायच्या आधी फोटोत काय दिसते ते मोठ्यानं सांगायचं, डावीकडून उजवीकडं. आणि महिन्यातून एकदा त्यांचाही फोटो टेबलावर आला पाहिजे, ही अट सगळ्यांसमोर घाला.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवताना एक ध्यानात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, पानं-गवत सगळं शेवाळ झाल्यासारखं दिसते आणि मग मी शार्पनेसबद्दल बोललो की तुम्ही रागावता, त्यामुळं डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत दोन ओळी लिहा, फोटो कुठला, किती वाजताचा, आणि मी नेमकं कशाबद्दल बोलावं. नुसतं ‘कसा वाटला’ लिहिलंत तर मी ‘छान’ म्हणून पुढचं पाकीट उघडणार आहे.